खुर्द्याचा हिशेब

पानिपताच्या पराभवाची बातमी पेशव्यांकडे एका सांकेतिक निरोपातून गेली, असे परंपरेने सांगितले जाते. शाळेत असताना आपण सर्वांनीच त्या निरोपाविषयी वाचलेले आहे. किती मोती गळाले ते त्यात सांगितले होते, किती मोहरा हरवल्या तेही सांगितले होते. खुर्दा मात्र किती गेला याची गणती नव्हती. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि खुर्दा म्हणजे कोण? ज्यांची नावे कोणत्याच बखरीत आली नाहीत ती हजारो माणसे. लहानपणी मला त्या निरोपातील चातुर्याचे कौतुक वाटे. आता तो आठवला की वेगळाच विचार मनात येतो. मोहीम कशी चालवावयाची हे खुर्द्याला कोणी विचारले नव्हते. पण मोहीम फसल्यावर सर्वांत जास्त खर्ची पडला तो खुर्दाच.

‘राजा बोले, दळ हाले’ अशी आपल्याकडे म्हण आहे. लष्कर आणि पोलीस या दोन संस्थांचा सारा कारभार या चार शब्दांत आला. इतर कोणत्याही कचेरीत वरिष्ठाचा हुकूम पटला नाही तर कारकून कुरकुर करील, रजा टाकील, फार तर राजीनामा देईल. गणवेशातल्या माणसाला ही मुभा नाही आणि ती असूही नये, कारण ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने प्रत्येक हुकमावर वाद घातला तर समाजाचेच काही खरे नाही. परंतु ‘का?’ हे विचारण्याचा हक्क ज्याच्याकडून आपण काढून घेतला, त्याला शहाणा हुकूम मिळेल ही जबाबदारी आपोआप हुकूम देणाऱ्यावर येते. एन.सी.सी.मध्ये असलेल्या मित्रांना हे सहज पटेल. ‘थम’ हा शब्द चुकीच्या पावलावर उच्चारला गेला की सगळी रांग अडखळते, एकमेकांच्या टाचा तुडवल्या जातात. अडखळते ती रांग. शब्द उच्चारणारा बाजूला उभा असतो. मैदानावर यावर हसून मोकळे होता येते. मैदानाबाहेर मात्र त्याची किंमत पडते, आणि ती कोण देतो हाच या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी पानिपतापर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या मुंबईतच, कुलाब्याला सुरू होऊन परळ-लालबागला रक्त सांडून थांबलेले एक उदाहरण आहे. ते म्हणजे फेब्रुवारी १९४६ मधला नौसैनिकांचा उठाव.

त्या वेळच्या ‘रॉयल इंडियन नेव्ही’ची स्थिती प्रथम समजून घ्यावयास हवी. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हे लहानसे दल होते. युद्ध संपता संपता त्याची संख्या कित्येक पटींनी वाढून तीस हजारांच्या जवळपास गेली. नव्याने भरती झालेले खलाशी पुष्कळसे शिकलेले, वर्तमानपत्र वाचणारे तरुण होते. भरतीच्या वेळी त्यांना चांगल्या भवितव्याची आश्वासने दिलेली होती. प्रत्यक्षात गोऱ्या खलाशांच्या मानाने कमी पगार, निकृष्ट जेवण, वर्णभेदाची वागणूक, आणि युद्ध संपल्यामुळे आता घरी बसावे लागणार ही धास्ती, असे त्यांच्या वाट्याला आले. बाहेर आझाद हिंद सेनेवरील खटल्यांनी सारा देश पेटलेला. अशा वेळी कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन-प्रशिक्षण केंद्रावर प्रमुख म्हणून जो अधिकारी आला त्याचे नाव कमांडर एफ. डब्ल्यू. किंग.

‘तलवार’च्या भिंतींवर ब्रिटिशविरोधी घोषणा रंगवल्या जात होत्या. २ फेब्रुवारीला बी. सी. दत्त या तरुण खलाशाला त्यावरून अटक झाली. वातावरण तंग होते. ८ फेब्रुवारीला किंग खलाशांच्या बराकीत आला आणि आपल्याला पाहून ते नीट उठले नाहीत, या कारणावरून त्याने त्यांचा आईबापांसकट उद्धार केला. कुत्रीची पोरे, हमालांची पोरे, जंगल्यांची पोरे, अशा त्या शिव्या होत्या. चौदा खलाशांनी शिस्तीला धरून, नियमाप्रमाणे, प्रत्येकाने स्वतंत्र अशी तक्रार केली. येथे क्षणभर थांबून पाहा. या टप्प्यापर्यंत बंड कोठेही नाही. ज्यांना आपण बंडखोर म्हणतो ते लेखी अर्ज करीत आहेत.

त्या अर्जांचे काय झाले? तक्रार ज्याच्याविरुद्ध होती, तिची दखल घेण्याचे काम फिरून त्याच्याकडेच आले. आठवडा गेला. मग किंगने त्या खलाशांना बोलावले आणि खोटी तक्रार करणे हा गंभीर गुन्हा आहे, नीट विचार करा, अशी तंबी दिली. १८ फेब्रुवारीला सकाळी ‘तलवार’वरील अकराशेच्या आसपास खलाशांनी न्याहारी नाकारली. अन्न नाकारणे हे या देशातले सर्वांत जुने आणि सर्वांत सौम्य हत्यार. पण ते उपसले गेले याचा अर्थ बोलण्याचे सर्व मार्ग संपले होते. त्यानंतर किंगला हलवून दुसरा अधिकारी नेमण्यात आला. जे आठ दिवस आधी केले असते तर कदाचित पुरले असते, ते आता कोणाच्याच खिजगणतीत नव्हते. दुसऱ्या दिवशी कॅसल बराक, फोर्ट बराक आणि बंदरातील जहाजे संपात उतरली. पाहता पाहता ही लाट कराचीपर्यंत पोहोचली. अठ्ठ्याहत्तर जहाजे, वीस किनारी ठाणी आणि वीस हजार खलाशी तिच्यात सामील झाले.

आता वरच्या पायरीवरील नेतृत्वाकडे पाहू. २१ फेब्रुवारीला कॅसल बराकीत गोळीबार झाला. त्याच दिवशी नौदलाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून खलाशांना इशारा दिला. सरकारपाशी असलेले सर्व बळ वापरले जाईल, मग त्यात ज्या नौदलाचा त्यांना अभिमान वाटतो ते नष्ट झाले तरी बेहत्तर, असा त्याचा आशय होता. ज्या दलाचे आपण प्रमुख आहोत ते दल बुडवून टाकण्याची भाषा प्रमुखानेच करावी, याहून नेतृत्वाचे दिवाळे ते काय निघावयाचे! या इशाऱ्याने खलाशी किती भ्याले हे सांगता येत नाही, परंतु मुंबई मात्र चिडून उठली. लोक गेटवेपाशी खलाशांसाठी शिधा घेऊन गेले. २२ तारखेला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवर हरताळ झाला. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्या पुढाऱ्यांचा विरोध असतानाही सुमारे तीन लाख कामगारांनी काम थांबवले आणि जवळजवळ सर्व गिरण्या बंद राहिल्या.

आणि मग रणगाडी मोटारी आणि बंदुका रस्त्यावर आल्या त्या परळला, लालबागला, डिलाईल रोडला. कुलाब्याच्या बराकीत उच्चारलेल्या शिवीची वसुली गिरणगावातून होऊ लागली. लोकांनी रस्त्यात अडथळे उभारले. इमारतींतून दगड आले, खालून गोळ्या गेल्या. परळच्या महिला चळवळीतील कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून मरण पावल्या. त्यांच्याबरोबरच्या कुसुम रणदिवे जखमी झाल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे त्या दिवसांत शहरातील २२८ नागरिक ठार आणि १,०४६ जखमी झाले. सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीच्या सकाळी खलाशांनी शरणागती पत्करली. सूड उगवला जाणार नाही, हा भरवसा त्यांना देण्यात आला होता. तरी अटका झाल्या, शेकडो खलाशी कामावरून गेले, आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतले गेले नाही.

न्या. फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. उठावाच्या मुळाशी सेवेतील तक्रारी होत्या, त्या बराच काळ दूर न झाल्याने असंतोष साचला आणि राजकीय वातावरणाने तो भडकला, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे जे चौदा अर्जांत लिहिलेले होते तेच शेवटी आयोगाच्या अहवालात छापले गेले. मधल्या काळात २२८ माणसे गेली.

येथे कोणी विचारील, आणि तो प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे, की हा उठाव तर आपल्या अभिमानाचा विषय आहे. कुलाब्याला त्याचे स्मारक आहे. इंग्रजांची सत्ता हलवणाऱ्या घटनांत तो मोजला जातो. मग एखादा किंग नालायक निघाला हे देशाचे भाग्यच म्हणावयाचे नाही काय? या प्रश्नात तथ्य आहे. परक्या सत्तेचे नेतृत्व सुधारले असते तर आपल्या स्वातंत्र्याला उशीर झाला असता, असे फार तर म्हणता येईल. पण अभिमान ज्यांच्यामुळे वाटतो ते खलाशी आणि ते कामगार. किंग किंवा गॉडफ्रे नव्हेत. शिवाय न्याहारी नाकारणाऱ्या तरुणांना पाच दिवसांत तोफांच्या तोंडी नेण्याची आणि परळच्या रस्त्यावर बायाबापड्यांवर गोळ्या झाडण्याची इतिहासाला काही गरज नव्हती. ती गरज निर्माण केली हुकूम देणाऱ्यांनी. आणि खरे सांगावयाचे तर मला अधिक अस्वस्थ करते ते हे, की गोरे अधिकारी गेल्यावरही ही गोष्ट येथे संपली नाही.

छत्तीस वर्षांनी, १९८२ साली, त्याच गिरणगावात ती पुन्हा घडली. या वेळी राज्य आपले होते. १८ जानेवारीपासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. त्यांच्या बंदोबस्ताला जे शिपाई उभे केले जात, त्यांच्या वसाहती नायगावला आणि वरळीला, म्हणजे कामगारांच्या चाळींच्या शेजारीच होत्या. त्यांच्या स्वतःच्याही मागण्या होत्या: पगार, घरे, कामाचे अमर्याद तास, आणि साहेबांच्या घरची हलकी कामे करावी लागणे. या मागण्या कोणाला ठाऊक नव्हत्या असे नाही. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने फेब्रुवारी १९७९ मध्ये आपला पहिला अहवाल दिला होता, आणि त्यात शिपायांची सेवास्थिती, त्यांची घरे आणि त्यांच्या तक्रारी ऐकण्याची यंत्रणा यांचाच विचार होता. अहवाल तीन वर्षे होता. ऐकणारे कान नव्हते. १५ ऑगस्ट १९८२ ला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. तीन दिवसांनी, १८ ऑगस्टला पहाट होण्यापूर्वी, केंद्रीय राखीव दलाच्या मदतीने पोलीस वसाहतींत शिरून त्यांच्या पुढाऱ्यांना अटक करण्यात आली, आणि संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली.

त्या दिवशी मुंबईने जे पाहिले ते पूर्वी पाहिले नव्हते. कायदा राखणारेच रस्त्यावर उतरले. संपकरी कामगार त्यांना मिळाले. गाड्या अडल्या, दुकाने लुटली गेली, आगी लागल्या. लष्कराला बोलवावे लागले. काही माणसे प्राणास मुकली आणि कित्येक शिपायांच्या नोकऱ्या गेल्या. पोलिसांनी संप करावा असे माझे म्हणणे नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधने आहेत, आणि त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु ज्याला संप करता येत नाही त्याचे म्हणणे संप न करता ऐकले जाईल अशी सोय नसेल, तर ते बंधन न्याय्य राहत नाही. शिस्त ही दुहेरी वीण आहे. एकीकडचा धागा ओढला की दुसरीकडचा उसवतो.

किंगची चूक जिभेची होती, १९८२ ची चूक कानांची होती. तिसरी एक चूक आहे, ती म्हणजे वेळेवर हुकूमच न देणे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मेली. न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. जानेवारीत लष्कराचा परिणामकारक उपयोग करण्याचा निर्णय घेण्यात मोलाचे चार दिवस वाया गेले, आणि वरून येणाऱ्या परस्परविरोधी आदेशांमुळे गोळी झाडावी की नाही या संभ्रमात खालचे पोलीस पडले, असे त्या अहवालात म्हटले आहे. आयोगाने पक्षपाती वागणाऱ्या पोलिसांवरही ठपका ठेवला. मला वाटते, या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. वरून स्पष्ट हुकूम आला नाही की खालचा माणूस स्वतःच्या मनातला हुकूम पाळू लागतो. आणि त्या मनात काय भरलेले आहे याची तपासणी कोणी केलेली नसते.

चौथे उदाहरण २६ नोव्हेंबर २००८ चे. त्या रात्री मोतीही गळाले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे अधिकारी कामा रुग्णालयाजवळ मारले गेले. ते मागे थांबून हुकूम देणाऱ्यांपैकी नव्हते. आणि गिरगाव चौपाटीपाशी सहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी, हाती केवळ लाठी असताना, अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यामुळेच तो अतिरेकी जिवंत सापडला. पुढे राम प्रधान समितीने पोलिसांच्या शौर्याची वाखाणणी केली, परंतु संकटाच्या वेळी ठरवून दिलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही आणि शहराच्या पोलीस दलाच्या शिखरावर दिसावे तसे नेतृत्व दिसले नाही, असेही नोंदवले. आपण शौर्याच्या कथा सांगतो, पुतळे उभारतो. ते योग्यच आहे. पण शौर्य हा नेतृत्वाला पर्याय नव्हे. जेथे तयारी आणि नियोजन कमी पडते तेथेच शौर्याची मागणी वाढते. ओंबळ्यांपुढे आपण नतमस्तक होतो तेव्हा त्यांच्या हाती लाठीच का होती, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

या चार घटनांत काळ वेगळा, राज्यकर्ते वेगळे, कारणे वेगळी. तरी त्यांत एक सूत्र दिसते. अधिकारी आणि शिपाई यांच्यात जेवणापासून निवासापर्यंत इतके अंतर असते की खालचे दुःख वर पोहोचावयास अर्ज हाच एक मार्ग उरतो. आणि तो अर्ज बहुधा ज्याच्याविषयी आहे त्याच्याच टेबलावरून जातो. तेथे तो अडला की असंतोष दुसरी वाट शोधतो. आणि शेवटी, चुकलेल्या अधिकाऱ्याची बदली होते, चुकलेल्या शिपायाची नोकरी जाते, आणि ज्याने काहीच केलेले नाही असा रस्त्यावरचा माणूस जिवानिशी जातो. चुकीची शिक्षा पदाच्या उतरंडीने खाली जाताना हलकी होत नाही, जड होत जाते.

यावर उपाय नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर निकाल देताना पोलीस सुधारणांसाठी सात निर्देश दिले. प्रमुख अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाल, बदल्यांसाठी वेगळे मंडळ, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण हे त्यांतील काही. या सर्वांमागचा विचार साधा आहे. ज्याला उद्याच्या बदलीची भीती आहे तो आज खरा हुकूम देऊ शकत नाही, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे तिचा निवाडा असू नये. १९४६ साली ‘तलवार’वर एवढी दुसरी गोष्ट जरी असती, तर!

हा विषय मी वार्षिकाच्या पानांसाठी निवडला याला कारण आहे. आपल्या वर्गांतून दरवर्षी कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीच्या, एम.पी.एस.सी.च्या, लष्कराच्या परीक्षांना बसतात. पहाटे मैदानावर धावणारे आणि दुपारी ग्रंथालयात पेंगणारे मित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. त्यांतील काही उद्या अधिकारी होतील. धावण्याचे, उंचीचे, सामान्यज्ञानाचे गुण त्यांना मिळतील. पण ऐकून घेण्याची परीक्षा कोणी घेणार नाही. ती प्रत्यक्ष नोकरीत होईल, आणि तीही अशा एखाद्या सकाळी, जेव्हा समोर चौदा अर्ज पडलेले असतील आणि ते वाचावयास वेळ नसेल.

त्या सकाळी माझ्या मित्रांना २२८ हा आकडा आठवावा, एवढीच माझी इच्छा आहे. त्यातील बहुतेकांची नावे मला शोधूनही मिळाली नाहीत. कमल दोंदे हे एक मिळाले, ते मी येथे लिहून ठेवले आहे.